कोण धुणार? : घरगुती एस्प्रेसो यंत्राच्या निमित्ताने

१.

'एस्प्रेसो' हा शब्द मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात येण्याच्या कितीतरी आधी त्याच्या लग्नमांडवात आला. आमच्या पिढीने शाळकरी वयात हजेरी लावलेल्या स्वागतसमारंभांत मांडवाच्या एका कोपऱ्यात ते चकचकीत यंत्र हमखास असे. नळीतून वाफ सुटे, दुधाच्या भांड्यात शिरताना तिचा कर्कश आवाज होई, आणि फेसाळ दूध, तयार कॉफीची पूड, साखर आणि वर चॉकलेटच्या भुकटीची चिमूट असा पेला हाती पडे. सगळे त्याला 'एक्स्प्रेसो' म्हणत. वास्तविक त्या पेल्यात एस्प्रेसो नसे. वाफेचे काम दूध तापवण्यापुरते होते. कॉफीवर दाब पडतच नव्हता. वस्तू येण्यापूर्वी तिचे नाव येणे आणि त्या नावाखाली भलतीच वस्तू रूढ होणे, हे आपल्या आधुनिकतेला नवे नाही. साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे दाखले आम्ही द्यायला नकोत.

पुढे शहरांत कॉफीची दुकाने निघाली, 'क्स' म्हणणाऱ्याला हसण्याची पद्धत पडली, आणि आम्हीही हसलो. पण त्या हसण्यातही अर्धेच ज्ञान होते. इटालियन भाषेत 'एस्प्रिमेरे' म्हणजे दाबून बाहेर काढणे, आणि व्यक्त करणेही. 'एस्प्रेसो' हे त्याचे धातुसाधित. ज्या लॅटिन क्रियापदापासून ते निघाले त्याच्यापासूनच इंग्रजी 'एक्स्प्रेशन' आले, ज्याला आपण अभिव्यक्ती म्हणतो. मांडवातला तो 'क्स' लॅटिनच्या अधिक जवळचा होता, एवढे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवू.

गेल्या चार वर्षांत आमच्या घरी अशी दोन यंत्रे आली. पहिले बंद पडले, दुसरे चालू आहे. आम्ही दोघेही एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो; यंत्रशास्त्राचा आमचा अधिकार शून्य. तरीही या अनुभवातून आमचे एक मत बनले आहे आणि ते मांडण्याचे धाडस करीत आहोत. ते असे : घरासाठी एस्प्रेसो यंत्र निवडताना पहिला प्रश्न स्वच्छतेचा विचारावा, आणि तो 'हे कसे धुवायचे' इतकाच नसावा, 'हे कोण धुणार' असाही असावा. रुचीविषयीच्या आपल्या एकूण चर्चेत हा दुसरा प्रश्न अनुपस्थित असतो, आणि ही अनुपस्थिती निरागस नाही.

२.

प्रथम निवडीविषयी. एस्प्रेसोची व्याख्या दाबाची आहे. १९०१ साली मिलानमधील लुइजी बेझ्झेरा यांनी ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते वाफेच्या दाबावर चाले, आणि वाफेचा दाब जेमतेम दीड बारपर्यंत जाई. आकीले गाज्जा यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंग आणि दांडी यांच्या साहाय्याने पाण्यावर कितीतरी अधिक दाब आणला, तेव्हा पेल्यावर तो सोनेरी तपकिरी साय-फेस प्रथम दिसला, ज्याला 'क्रेमा' म्हणतात. १९६१ साली 'फाएमा ई-६१' या यंत्राने माणसाच्या दंडाचे काम विजेच्या पंपाकडे दिले. आज सर्वसाधारणपणे मान्य असलेले प्रमाण म्हणजे सुमारे ९ बार दाब, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी आणि पंचवीस ते तीस सेकंद. आपल्या घरातील कुकरमध्ये वातावरणाच्या दाबाहून साधारण एक बार अधिक दाब असतो, तेव्हा शिट्टी होते. यावरून ९ बारची कल्पना यावी.

बाजारात मात्र खोक्यांवर '१५ बार', '२० बार' असे आकडे ठळक छापलेले असतात आणि ग्राहक ते परीक्षेतील गुणांप्रमाणे वाचतो. आम्हीही तसेच वाचले. तो आकडा पंपाच्या कमाल ताकदीचा असतो. कॉफीला तो सगळा दाब नको असतो. चांगल्या यंत्रांत तो कमी करणारी झडप बसवलेली असते. म्हणजे ज्या गुणावर भाळून वस्तू घ्यावी, तो गुण आवरणे हेच त्या वस्तूचे कौशल्य.

दुसरी गोष्ट कॉफी ज्या गाळणीत भरतात तिची. स्वस्त यंत्रांत बहुधा दुहेरी तळाची गाळणी येते. तिला खाली एकच बारीक छिद्र असते. त्यातून कोणतीही कॉफी जोराने बाहेर पडते आणि फेस होतो. शिळ्या पुडीचाही होतो. हा फेस क्रेमासारखा दिसतो, पण कॉफीच्या ताजेपणाविषयी किंवा दळण्याच्या बारकाईविषयी तो काहीच सांगत नाही. एकेरी तळाच्या गाळणीत चूक लपत नाही. दळण जाड असेल तर पाणी दहा सेकंदांत भसकन खाली येते. फार बारीक असेल तर थेंब पडत नाही. शिकायचे असेल त्याने एकेरी गाळणी बसणारेच यंत्र घ्यावे.

यावरून तिसरी गोष्ट ओघाने येते. यंत्राइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व दळणाच्या साधनाला आहे. आपल्या घरातील मिक्सर बिया दळत नाही, तोडतो. त्यातून काही कण रव्याएवढे तर काही पिठाएवढे निघतात, आणि पाणी सोपी वाट शोधून निसटते. शिवाय आदल्या दिवशीच्या वाटणातील लसूण कॉफीत उतरतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. दोन चकत्यांमध्ये बी भरडणारी चक्की लागते. हाताने फिरवायची चालते. पैसे मर्यादित असतील तर ते आधी चक्कीला द्यावेत. चिकोरी मिसळलेली दाक्षिणात्य कॉफीपूड तिच्या स्वतःच्या पितळी फिल्टरमध्येच शोभते. या यंत्रात ती पाण्याची वाट अडवते. बियांसाठी फार दूर पाहण्याचे कारण नाही. चिकमगळूर आणि कोडगू आपल्या शेजारच्या राज्यात आहेत. भाजल्याची तारीख पिशवीवर छापणारे विक्रेते आता पुष्कळ झाले आहेत. ती तारीख पाहावी आणि महिनाभरात पिशवी संपवावी.

वापराविषयी थोडेच सांगतो, कारण ते हातानेच शिकावे लागते. यंत्र पंधरा-वीस मिनिटे तापू द्यावे. कॉफी काट्यावर मोजून घ्यावी. दुहेरी पेल्याला १८ ग्रॅम कॉफी घेऊन ३६ ग्रॅमच्या आसपास पेय काढावे. पूड सपाट करून एकसारखी दाबावी, मग घड्याळ लावून धार पाहावी. चव आंबट लागली तर दळण बारीक करावे, कडवट लागली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर काय कशामुळे झाले ते कळत नाही. पहिला महिना आमचा बहुतेक माल मोरीत गेला. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी जे पेल्यात उतरले ते चाखून आम्ही दोघे काही क्षण बोललो नाही. त्या सुखाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पुढचे सारे म्हणणे त्या सुखाच्या बाजूनेच आहे.

३.

पहिले यंत्र चौदा महिन्यांनी बंद पडले. आधी धार बारीक झाली, मग वाफ रुसली, मग पंप नुसताच घुरघुरू लागला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कारागिराने ते उघडून आमच्यासमोर ठेवले. पाणी तापवणाऱ्या भागात पांढरट खडूसारखा थर बसला होता. "सर, हे गिझरच आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडं बोअरचं पाणी असणार."

होते. शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन आणि घरात जड पाणी म्हणतात, ते. ज्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तेच पाणी आम्ही इटालियन नावाच्या यंत्रात ओतत होतो. पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार घट्ट होऊन धातूला चिकटतात, एवढे रसायनशास्त्र आम्ही दहावीत शिकलो होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमच्या पाण्याची तपासणीत ४२० निघाली. म्हणजे माणसाला चालणारे पाणी यंत्राला चालत नव्हते. उलट, आरओ यंत्रातून सगळे क्षार काढलेले पाणीही योग्य नव्हे. त्यात कॉफी सपक लागते, आणि काही यंत्रांच्या टाकीत पाणी आहे हेच त्यांना कळत नाही. आता आम्ही तीन भाग आरओचे आणि एक भाग बोअरचे गाळलेले पाणी मिसळतो. कठीणता शंभराच्या आसपास राहते आणि कॉफीला चव असते.

कारागिराने दुसरीही एक गोष्ट दाखवली. पाणी ज्या जाळीतून कॉफीवर पडते, ती त्याने स्क्रू काढून हातात दिली. तिच्या आत काळा, चिकट लेप होता. कॉफीच्या बीमध्ये तेल असते. ते साचते, हवेने खवट होते, आणि रोजच्या ताज्या कॉफीला त्या खवटपणाचा वास लागतो. कित्येक आठवडे आम्ही बियांना दोष देत होतो. विक्रेत्याला तक्रारही लिहिली होती. दोष आमच्या जाळीत होता.

स्वच्छतेचा क्रम तसा साधा आहे. प्रत्येक पेल्यानंतर चोथा काढून टाकावा, गाळणी पुसावी, थोडे गरम पाणी सोडून जाळी धुवावी. दूध फेसाळले असेल तर वाफेची नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसून एकदा वाफ सोडावी. दोन मिनिटांनी दूध नळीवर भाजून बसते आणि आतही शिरते. आठवड्यातून एकदा जाळी काढून गरम पाण्यात आणि त्यासाठी मिळणाऱ्या पावडरीत भिजवावी. ज्या यंत्रात दाब मागे सोडणारी त्रिमार्गी झडप असते, त्यात बिनछिद्राची गाळणी लावून आतली वाट उलटी धुता येते. ज्यात ती नसते त्यात हा प्रयोग करू नये. दोन-तीन महिन्यांनी क्षार काढावेत. वाण्याकडचे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाण्यात विरघळवून पुष्कळ जण वापरतात. पण ॲल्युमिनियमचे बॉयलर आम्लाने खराब होऊ शकते, म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत जे सांगितले असेल तेच करावे. कुकरच्या रिंगसारखी एक रबरी रिंग यंत्रातही असते. ती कडक झाली की बाजूने पाणी गळते, आणि ती बदलावी लागते.

म्हणून दुकानात गेल्यावर 'बार किती' हा प्रश्न सोडून द्यावा आणि विचारावे : जाळी हाताने निघते का? नळीचे टोक सुटे होते का? टाकी नळाखाली धरता येते का? रिंग मिळते का, आणि ती बदलायला कारागीर कुठे आहे? जे यंत्र उघडत नाही ते धुता येत नाही, आणि जे धुता येत नाही ते फार दिवस आपले राहत नाही.

४.

इथवरचा सल्ला कोणत्याही पुस्तिकेत मिळेल. आमचा खरा मुद्दा यापुढचा आहे.

या लेखात आम्ही सर्वत्र 'आम्ही' असे लिहिले आहे. ते सर्वनाम तपासून पाहायला हवे. यंत्राविषयी तीन महिने वाचन केले, तुलनेचे तक्ते केले, दुकानदाराशी वाद घातला, तो आम्हांपैकी एक, तो पुरुष. पेला दोघांनी प्यायला. पाहुणे आले की यंत्रापुढे उभे राहून दाब आणि तापमान समजावून सांगायचे, तेही त्यानेच. पाहुणे गेल्यावर ओट्यावर सांडलेली पूड, सिंकमध्ये अडकलेला चोथा, दुधाने माखलेली नळी आणि ओले फडके उरायचे, आणि ते दुसरीच्या वाट्याला यायचे, ती स्त्री. तिलाही सकाळी नऊचा तास असे. त्यामुळे जे दिसे तेवढे ती पुसे. जाळीच्या आत काय साचते आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि ज्याला ते वाचून ठाऊक होते त्याने जाळी कधी उघडली नव्हती. यंत्र या दोन अज्ञानांच्या मधोमध बंद पडले.

बंद पडल्यावर प्रथम बोट दाखवले गेले ते घरकामाला येणाऱ्या मावशींकडे. 'तुम्ही तारेची घासणी लावली का?' असे त्यांना विचारले गेले. त्या म्हणाल्या, "ताई, त्याला हात लावू नका म्हणून सरांनीच सांगितलं होतं पहिल्या दिवशी." हे खरे होते. वस्तू महाग म्हणून ज्यांना दूर ठेवले, वस्तू बिघडल्यावर पहिला संशय त्यांच्यावरच गेला. आमच्या वर्गात आम्ही दलित आत्मकथने शिकवतो, स्त्रीवादी समीक्षा शिकवतो; श्रम आणि प्रतिष्ठा यांच्या विभागणीवर आम्हा दोघांचीही व्याख्याने झाली आहेत. त्या सकाळी ती व्याख्याने आम्हाला उपयोगी पडली नाहीत.

भरतमुनींनी नाट्यरसाची कल्पना समजावताना भोजनाचाच दृष्टान्त घेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना प्रसन्न मनाचा माणूस रस चाखतो, तसा प्रेक्षक स्थायी भाव आस्वादतो, असा त्याचा आशय. त्यानंतर दीड-दोन हजार वर्षे आपण आस्वादकाविषयी बोलत आलो : त्याची पात्रता, त्याचे सहृदयत्व, त्याच्या आस्वादातील विघ्ने. ते सारे चिंतन मोठे आहे. पण त्या दृष्टान्तातील जेवण संपल्यावर पाने कोणी उचलली, हा प्रश्न त्या चर्चेच्या बाहेर राहिला, आणि आजच्या आपल्या खाद्यलेखनातही तो बहुतेक बाहेरच असतो. पदार्थाच्या कृतीचा शेवट 'गरमागरम वाढावे' असा होतो. कढई तळाला लागलेली असते, ती कृतीत येत नाही. आमच्या मते रुचीची कोणतीही मीमांसा वाढण्यापाशी थांबत असेल तर ती अर्धी आहे. खवट जाळीने आम्हाला हे शब्दशः शिकवले, कारण तिथे न धुतलेले भांडे चवीत उतरले होते.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की, मग कॅप्सूलचे यंत्र घ्या. त्यात सांडलवंड नाही. कॉफी कोणती, दळण कसे, प्रमाण किती, हे सारे कारखान्यात ठरलेले असते; कळ दाबली की झाले. आमचे विद्यार्थी मूळ पुस्तक न उघडता गाइड वाचतात त्याची इथे आठवण होते, पण ती तक्रार जुनी आहे आणि तिचा स्वर उपदेशकाचा होतो, म्हणून सोडून देऊ. मुद्दा दुसरा आहे. कॅप्सूलमध्ये स्वच्छता नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे ढकलली जाते. ॲल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण आणि आत ओला चोथा, अशी ती वस्तू सकाळी घंटागाडीत ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या? आपण वेगळे केले नाही तर ते कोणाला तरी हाताने करावे लागते. 'कोण धुणार' या प्रश्नाचे उत्तर तिथे इतकेच आहे की, जो आपल्याला दिसत नाही तो.

दुसरा आक्षेप असा की, एवढ्या उठाठेवीपेक्षा चहा काय वाईट? काहीच वाईट नाही. ज्याला हे धुणे नको त्याने यंत्र घेऊ नये, असे आम्ही मनापासून सांगू. दाक्षिणात्य फिल्टर आहे. १९३३ साली बियालेत्ती यांनी बाजारात आणलेले 'मोका' भांडे आहे. त्याचे तीन भाग इतर भांड्यांबरोबर धुतले जातात, आणि त्यातील कॉफी एस्प्रेसो नसली तरी उत्तम असते. आपल्या निगेच्या कुवतीप्रमाणे वस्तू निवडणे यात कमीपणा नाही.

५.

दुसरे यंत्र आम्ही दोघांनी मिळून निवडले. ते पहिल्यापेक्षा साधे आहे. त्याच्यावर आकडे कमी आणि स्क्रू अधिक आहेत. चक्की हाताची आहे. घरात एकच नियम केला : जो काढील तो धुईल. नियम साधा वाटतो, पण त्याचे परिणाम झाले. पूर्वी पाहुण्यांसमोर लागोपाठ सहा पेले काढण्याचा उत्साह होता, तो दोनांवर आला. शनिवारी जाळी भिजवताना बोटे काळी होतात. बोटे काळी झाल्यापासून दाब आणि तापमान यांवरील व्याख्यान बरेच आखूड झाले आहे. जिने आधी यंत्राचा तिरस्कार केला होता, ती आता दोघांत अधिक चांगली कॉफी काढते. कोणत्या आवाजाला पाणी संपत आले आणि कोणत्या आवाजाला वाट तुंबली, हे तिला ऐकून कळते. ते ज्ञान तक्त्यांतून आलेले नाही.

मावशींसाठी पेला काढून पाहिला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "कडू औषध आहे," आणि चहाचे आधण ठेवले. त्यांचे आधण, त्यांचे पातेले. पेला आम्हीच विसळला.

नवे यंत्र घेऊ पाहणारे सहकारी आम्हाला विचारतात, कोणते घ्यावे? आम्ही नाव सांगत नाही. आधी घरच्या पाण्याची कठीणता तपासा, असे सांगतो. मग चक्की ठरवा, मग यंत्र. आणि घरी सगळे एकत्र बसले असताना मोठ्याने विचारा, शनिवारी जाळी कोण उघडणार? उत्तरादाखल सगळ्यांच्या नजरा एकाच व्यक्तीकडे वळल्या, तर खरेदी पुढे ढकला.